शारजाला नेलेले पाच टाक

पुण्याहून निघालो तेव्हा हातातल्या पिशवीत चांदीचे पाच टाक होते. आमच्या घरचे देव. बाबा गेल्यावर ते थोरल्याकडे जायचे. दादा शारजात, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात केमिस्ट. आईने बजावलं होतं, "रोज पूजा करत असेल तरच दे. नाहीतर परत आण. वहिनीच्या सांगण्यावर जाऊ नकोस."

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. भाडी आता विचारून घ्यावीत. तेव्हा दुबईतल्या देऱ्याहून शारजापर्यंत शेअर टॅक्सीला पाच दिरहम पडले, म्हणजे साठ रुपये. अर्ध्या तासाच्या रस्त्याला पावणेदोन तास लागले. संध्याकाळी निघू नये.

दादाच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात देव्हारा होता. "हे रोज करतात हो," वहिनी म्हणाल्या. निरांजनाला काजळी नव्हती. उदबत्तीचा पुडा फोडलेला नव्हता. मी पुतणीकडे पाहिलं.

"काका, धिस केम यस्टरडे," ती म्हणाली.

वहिनींनी तिला अभ्यासाला पिटाळलं. दादा जेवता जेवता म्हणाला, "देव पोचवायला आलास की तपासणीला?"

"दोन्ही."

शनिवारी त्याने प्रयोगशाळा दाखवली. फाटकावर पासपोर्ट ठेवून घेतात. आत भिंतभर कपाट, त्यात तारखा लिहिलेल्या बाटल्या.

"तपासून झालेलं पाणी. प्रत्येकातलं थोडं ठेवतो. उद्या कुणी शंका काढली तर परत बघता येतं."

त्याचे सहकारी सय्यदभाई हैदराबादचे. त्यांचा जानमाज, नमाजाची चटई, खणात, फिल्टर पेपरशेजारी. मला म्हणाले, "आपके भाईसाहब कहते हैं, सबूत लाओ. मियाँ, खारा पानी रोज़ मीठा होते देखते हो, और क्या चाहिए?"

"वो तो भाप करती है," दादा म्हणाला. मग यंत्र सुरू करण्याआधी त्याने यंत्राला हात लावला आणि हात कपाळाला नेला.

"हे माझ्यासाठी?" मी विचारलं.

"सवय आहे."

सय्यदभाई हसले. "रोज़ करते हैं. पूछो तो मुकर जाते हैं."

दोघांनी मिळून ठरवलं असेल, असंही मला वाटलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी दादानेच विषय काढला. "मी मानत नाही. देव्हारा तुझ्या वहिनीची कल्पना. आईला खोटं सांगू नकोस. घेऊन जा."

सकाळी त्याने टाकांची पुरचुंडी स्वतः बांधून माझ्या पिशवीत ठेवली. गाठ पक्की होती. मी ती सोडून पाहिली नाही.

घरी आईने विचारलं, "करतो?"

"नाही. मानत नाही म्हणाला."

तिने पुरचुंडी सोडली. टाक चार होते. खंडोबा नव्हता.

मला ते बाटल्यांचं कपाट आठवलं. मग म्हणालो, "विसरला असेल."

"तो?" आई म्हणाली.

तिने चारही टाक पुसून पाटावर मांडले, आणि मध्ये एकाची जागा सोडली.