छपरावरची माती

आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात झोपताना दाराला कडी लावत नाहीत. दुपारी नाही, रात्री नाही, शेजारी चोरी झाली त्या आठवड्यातही नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, दाराच्या तोंडाशी खाट टाकतात आणि दार हातभर उघडं ठेवून झोपतात. मला चोरांची भीती आणि त्यांना घराची. मध्यंतरी मी भांडून भांडून बाहेरून लोखंडी जाळीचं दार बसवून घेतलं, तर त्याची किल्ली ते मुठीत धरून झोपायला लागले.

याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, पण घरात तो विषय कुणी काढत नसे. आमच्या मुलखात तो भूकंप झाला त्यात माझी आत्या गेली. अण्णांची थोरली बहीण, विधवा, एकटी राहायची. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद आणि आतून लावलेली कडी. पहाटे ती झोपेतच गाडली गेली. अण्णा इथे हैदराबादेत नोकरीला होते. कळल्याबरोबर गेले आणि परत आले ते असे, दार उघडं ठेवणारे. तेव्हा मी कॉलेजात होते. त्यांनी एक शब्द सांगितला नाही आणि आमची विचारायची छाती झाली नाही.

अशा घरात माझी लेक आर्किटेक्ट झाली. इथपर्यंत ठीक होतं. पण कुकटपल्लीतल्या चांगल्या ऑफिसातली नोकरी सोडून तिनं खेड्यात मातीची घरं बांधायचं मनावर घेतलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला. जहीराबादच्या पुढे आमची थोडी जमीन आहे. तिथे नमुन्याचं दोन खोल्यांचं घर बांधायचं, ते बघून गावातले लोक तशीच बांधतील, असा तिचा बेत.

"आई, सिमेंट, सळई, वाळू, सगळं लॉरीनं शहरातून जातं. गरिबाला परवडत नाही, म्हणून तो पत्रा टाकतो आणि उन्हाळाभर त्याखाली भाजून निघतो. लाल माती त्याच्या पायाखालीच आहे ना? तीच चाळायची, त्यात चिमूटभर सिमेंट घालायचं आणि यंत्रात दाबून वीट काढायची. भाजायचीसुद्धा नाही. टेन्शन नको घेऊ."

टेन्शन नको घेऊ म्हणे. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघालेल्या पोरीच्या आईनं दुसरं काय घ्यायचं? मला खरी भीती वाटत होती ती वेगळीच आणि ती मी तिला बोलून दाखवू शकत नव्हते. उद्या त्या छपराखाली कुणाचं काही झालं तर? ज्यानं बांधलं त्यानं मग जन्मभर कसं जगायचं? माझी पोर अजून तिशीची नाही.

तिनं एक वीट घरी आणली आणि न्हाणीत बादलीभर पाण्यात बुडवून ठेवली. विरघळत नाही हे मला दाखवायला. मला दुसरा उद्योगच उरला नाही. भाजी चिरता चिरता उठून बघायची, पूजा अर्धी सोडून बघायची. पाणी जरा लालसर दिसलं की हात घालून वीट चाचपायची. वीट मात्र होती तशीच होती. अण्णा रोज त्या बादलीवरून आंघोळीला जात आणि तिच्याकडे बघत नसत. एकदा मात्र दार लोटलेलं होतं आणि मी फटीतून पाहिलं. अण्णा उकिडवे बसून पाण्यातल्या विटेवर अंगठा दाबत होते. मला पाहून उठले आणि टॉवेल शोधायला लागले.

घर उभं राहायला लागलं तशी मी दर रविवारी लेकीबरोबर जाऊ लागले. मदत अशी काही नाही, नुसती काळजी करायला. भिंती खरंच देखण्या आल्या, पिकल्या चिकूच्या रंगाच्या. पाया, खिडक्या आणि दारं यांच्या पातळीवर तिनं घराभोवती काँक्रीटचा पट्टा फिरवला होता, कमरेला शेला बांधावा तसा. हादरा बसला तर भिंती एकमेकींना सोडत नाहीत, असं तिचं म्हणणं. वर उतरती, हलकी कौलं. मी विचारलं, "माळवद नाही ना?" ती म्हणाली, "आई, छपरावर ओझं ठेवायचंच नाही, हाच तर सगळा मुद्दा आहे."

बांधलं, पण गावातलं कुणी हलेना. येत, भिंतीवर टकटक करून बघत, चहा पिऊन जात. बांधाला बांध लागून एक बाई राहते. तिच्या स्वतःच्या घरावर पत्रा आहे आणि आमच्या घराची राखण तीच करते. अखेर तिनं मनातलं सांगून टाकलं.

"अम्मा, घर अच्छा है. दिनकू ठंडा बी रहता. मगर तुमारे लोगां इसमें रहते क्या? बेटी के नाना कू लाके सुलाओ. बुड्ढा आदमी सोया तो मैं बी बनाती, मेरे पीछे पूरा गांव बनाता. नै तो नक्को."

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी अंगणातल्या चिंचेकडे बघायला लागले. गावाला काय ठाऊक, की अख्ख्या हैदराबादेत मातीच्या घरात न झोपणारा एकच म्हातारा आहे आणि नेमका तोच हिचा आजोबा आहे.

तरी आम्ही त्यांना नेलं. शहरात कोठी भागात त्यांच्या डोळ्यांचा डॉक्टर आहे. तिथलं काम उरकल्यावर लेकीनं गाडी घराकडे न वळवता सरळ बाहेर काढली. संगारेड्डी गाव मागे पडलं तरी अण्णा खिडकीबाहेरच बघत होते. तिथे पोचल्यावर चिंचेखाली खुर्ची मागवून त्यांनी घराकडे पाठ करून बसकण मारली. संध्याकाळपर्यंत तिथेच. लेकीनं एकदाच विचारलं, "अण्णा, आतून नाही बघणार?" ते म्हणाले, "इथून दिसायलंय की." दिसत काहीच नव्हतं. परतताना ती गाडी चालवत होती आणि तिचे डोळे भरलेले होते. मला रस्त्याची काळजी, तिची काळजी, मागे बसलेल्या त्या हट्टी माणसाचा राग, सगळं एकदमच. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो हे मला कळत होतं. पण ताक नातीच्या हातचं होतं.

त्यानंतर अण्णांना कुणी तिकडे बोलावलं नाही. आणि मग उन्हाळ्याच्या शेवटी, अवकाळी पाऊस पडून गेल्यावर, तेच आपणहून म्हणाले, "मला यायचंय. गळलं का काय बघू." मी लेकीला खूण केली की काही बोलू नकोस. वाटेत मी मनातल्या मनात गणपतीला साकडं घालत होते. म्हातारा आत शिरू दे एवढंच मागायचं होतं, पण तेवढं मागायचाही धीर होत नव्हता. शिरला आणि काही झालं तर?

गाडी फाटकाशी थांबली. अण्णा उतरले, वर बघितलं आणि जागीच थिजले.

कौलांवर माती होती. एक कौल तडकून आत पाणी ठिबकलं होतं, म्हणून त्या शेजारच्या बाईनं नवऱ्याला वर चढवून ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर ओल्या मातीचा चांगला चार बोटं थर थापला होता. आमचं नुकसान होऊ नये म्हणून. ती फाटकाशीच शाबासकीची वाट बघत उभी होती.

"कुणी टाकली ती माती?" अण्णा ओरडले. त्यांचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "काढा. आत्ताच्या आत्ता काढा! कुणी आत हाय का? बाहेर काढा आधी त्यांना!"

आत कुणीच नव्हतं. ते मान वर करून मागे मागे सरकत होते. मला वाटलं, आता हे पडतात. मी त्यांचा दंड धरला तर त्यांनी तो झिडकारला. लेक म्हणाली, "अण्णा, एवढ्यानं काही होत नाही, पण काढूया, लगेच काढूया." मग ते तिच्याकडे वळले आणि बोलले. मला नाही, तिला सांगितलं.

"एवढ्यानं होत नाही, बरोबर हाय तुझं. एका वर्षानं नाही होत. आमच्याकडं दरसाल उन्हाळ्यात माळवदावर माती घालायची चाल होती. पांढरी माती. पाऊस लागायच्या आत घालायची, म्हंजी गळत नाही. जुनी कुणी काढायचं नाही. वरून नवी. बाप घालायचा, आजा घालायचा. अक्काला मूलबाळ नव्हतं, तर तिचं माळवद मी रजा काढून जाऊन करायचो. दरसाल. चांगली दाबून, पाणी मारून. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा." त्यांनी छपराकडे बोट केलं. "मग आम्ही तिला उकरून काढली. उकरता उकरता थर दिसायले होते, पोरी. एकावर एक. पांढरे. वरचे सगळे माझे होते."

इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाला घराची भीती वाटते. भीती नव्हती ती. माझ्या लेकीवर येऊ नये म्हणून मी देवाला विनवत होते, ते ओझं हा माणूस माझ्यासमोर वागवत होता आणि मी त्याच्याशी कडीवरून भांडत होते. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

शेजारच्या बाईला मराठी किती कळलं कोण जाणे. तिनं पदर खोचला आणि नवऱ्याला हाक मारली. शिडी लागली. तो वरून माती खाली सारू लागला आणि खाली अण्णा टोपलं घेऊन उभे राहिले. आम्ही नको नको म्हणत राहिलो. त्या वयात, त्या उन्हात, डोळ्यांत औषध चालू असताना! त्यांनी ऐकलं नाही. टोपल्यामागून टोपलं त्यांनी लांब वावरात नेऊन फेकलं. माती संपल्यावर ताडपत्री झटकायला लावली, तडकलेलं कौल बदलायला लावलं आणि भिंतीला वळसा घालून सगळीकडून छप्पर पाहिलं. मग लेकीला म्हणाले, "वर कधी काही चढवू देऊ नको. कुणी कितीबी चांगल्या मनानं म्हणू दे."

"नाही देणार," ती म्हणाली.

त्यांच्या अंगभर माती झाली होती. त्यांना चिंचेखाली खुर्चीत बसवून मी पाणी आणायला वळले. परत येते तर चिंचेखालची खुर्ची रिकामी. ते आत गेले होते. पुढच्या खोलीत बाईनं तिची बाज ठेवलेली होती, दारापासून लांब, पार पलीकडच्या भिंतीला लागून. तिच्यावर ते आडवे झाले होते, हात कपाळावर.

मी उंबऱ्यात उभी राहिले. वर कौलं पाहिली, भिंतीचे कोपरे पाहिले, पुन्हा कौलं पाहिली. बाहेर लेक आणि ती शेजारीण शेजारी शेजारी उभ्या होत्या, दाराकडे डोळे लावून. मी नेहमीप्रमाणे दार हातभर उघडं राहील अशा बेतानं त्याला दगड लावायला वाकले.

"अगं," आतून अण्णा म्हणाले, झोपेनं जड झालेल्या आवाजात. "दार लावून घे. माशा येऊ लागल्यात."