इंदूबाईंच्या पिना

इंदूबाईंच्या हिरव्या बांगड्यांत पाच-सहा सेफ्टी पिना कायम अडकवलेल्या असत. बायका एखादी पिन ठेवतातच, पण यांचं म्हणजे दुकानच होतं. पदर टाचायला, पायातला काटा काढायला, कुणाच्या पोराची चड्डी सावरायला, सगळ्याला पिन. त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, मूळच्या दिघाशी गावच्या. महिन्यातून एकदा आमच्या नारपोलीच्या चाळीत येत, उंबऱ्यावर बसत आणि शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून विचारत, "काय गं बाय, बरी हायस ना?" आम्ही सगळ्या बऱ्याच असायचो. उंबऱ्यावर बसून कोण काय सांगणार?

मी बरी नव्हते. रेखा तीन वर्षांची होती, दुसरं इतक्यात नको म्हणून मी पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत होते. पाकीट संपत आलं, पाळी जवळ आली की आठ-दहा दिवस मी माझी राहत नसे. छातीत धडधड, उगाच रडू, आणि राग तर असा की माझी मलाच भीती वाटावी. पाळी आली की दुसऱ्या दिवशी सगळं ओसरायचं आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका सकाळी मी वेणी घालत असताना रेखा हलली. मी तिला असं ढकललं की तिचं कपाळ फडताळाच्या कोपऱ्यावर आपटलं. जखम टिचभर, पण ढकलणारे हात माझे होते. सासूबाई तिला कडेवर घेऊन म्हणाल्या, "हिला माहेरी पाठवा. पोर इथंच राहील." ह्यांनी मान खाली घातली. गप्प बसणं हा ह्यांचा आवडता उद्योग!

इंदूबाईंनी रेखाच्या कपाळावरची पट्टी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मला रडू फुटलं.

"कंच्या तारखेला झालं?"

"तारखेचं काय घेऊन बसलात, बाई? माझं डोकं फिरलंय."

"फिरू दे. पाकीट आण."

त्यांनी बांगडीतली एक पिन काढून माझ्या हातात दिली. "ज्या दिवशी डोकं फिरंल, त्या दिवशीच्या गोळीच्या रिकाम्या खळगीत टोचायचं. बरी असशील तवा न्हाय टोचायचं. दुसरं काय बी करू नको."

एक पाकीट झालं, दुसरं संपत आलं. भोकं सगळी शेवटाकडे. मला त्यातून काही कळलं नाही, आणि तेवढ्यात गौरी आल्या.

पाळी नेमकी पूजेच्या दिवशी येणार होती. सासूबाई म्हणाल्या, "शेवटच्या सात तांबड्या गोळ्या सोडून दे, लगेच नवं पाकीट सुरू कर, म्हणजे पाळी पुढं जाईल." चाळीतल्या निम्म्या बायका सणासुदीला हेच करायच्या. मीही केलं. गौरी जेवल्या, गेल्या. पाळी आली नाही, म्हणून सुटकाही झाली नाही. मी रोज टोचत होते. अठरा दिवस झाले. रेखा जवळ आली की मी हात पाठीमागे बांधायचे. शेवटी सासूबाईंनी तिचे कपडे पिशवीत भरले. तिला कोन गावी, नणंदेकडे ठेवायचं ठरलं.

इंदूबाई आल्या तेव्हा पिशवी दारात होती. त्यांनी माझी तिन्ही पाकिटं मागितली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. सासूबाईंना जवळचं दिसत नसे.

"मावशी, बोट फिरवा."

सासूबाईंनी बोट फिरवलं. पहिलं पाकीट, दुसरं. मग तिसऱ्यावर त्यांचं बोट थांबत थांबत गेलं.

"लागतंय ना हाताला? वेड काय तारीख बघून येतं व्हय? हिचं दुखणं तारखेवर येतंय. गोळ्यांनी ते वाढलंय, आणि गौरींसाठी आपणच ते लांबवलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू वाईट न्हाईस गं बाय. उद्या डॉक्टरीणबाईंना दाखवू."

सासूबाईंनी पिशवी उचलून आत नेली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद करून त्यांच्याऐवजी तांबी बसवली. सगळं गेलं म्हटलं तर खोटं होईल. ते दिवस यायचे, पण कमी, आणि आता येणार हे ठाऊक असायचं. मी कॅलेंडरला पिन टोचायचे. तेवढे दिवस रेखाची वेणी सासूबाई घालीत, न सांगता.

दोन वर्षांनी इंदूबाईंची बदली झाली. एसटी स्टँडवर मी हसत विचारलं, "इतक्या पिना कशाला हो लागतात?" त्या हसल्या नाहीत.

"माझी थोरली बहीण अशीच होती. दर म्हैन्याला बाधा उतरवायला भगताकडं न्यायचे. एकदा विहिरीवर गेली ती आलीच न्हाय. ती गेल्यावर मी तिचे वाईट दिवस मोजत बसले. तिच्या जिवंतपणी कुणी मोजलेच न्हाईत गं."

गाडी लागली. त्या चढल्या. पुन्हा भेट नाही.

रेखाला पहिली पाळी आली त्या वर्षी मी तिच्या बांगडीत तीच पिन अडकवली. "ही कशाला गं, आई?" तिनं विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, कपाळावरच्या खुणेसकट. सांगताना माझे हात पुन्हा पाठीमागे गेले, आणि ते तिनं पुढे ओढून धरून ठेवले.