अर्धं बोट

माझ्या सासूबाईंना पोहता येत नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्या माझा दंड धरतात. तरीही आमच्या शहरातल्या निम्म्या बंगल्यांचे स्विमिंग पूल त्यांनीच बांधले आहेत. त्या त्यांना स्विमिंग पूल म्हणत नाहीत, हौद म्हणतात. "तुमचा हौद कधी भरायचा?" असं विचारलं की लाखो रुपये ओतलेल्या माणसाचा चेहरा पडतो, पण त्यांना त्याचं काही नाही. लोकही मग त्यांना हौदवाल्या बाईच म्हणायला लागले.

सुरुवात खरोखर हौदांपासून झाली. सासरे पाण्याच्या टाक्या बांधायचे आणि त्या मसाला कालवून द्यायच्या. मसाला म्हणजे सिमेंट-वाळूचा. दुसऱ्या मसाल्याशी त्यांचं कधीच जमलं नाही, हे मी सून म्हणून जबाबदारीने सांगते. एका टाकीची भिंत कमरेएवढी आली असताना सासऱ्यांची पाठ गेली. सासूबाईंनी थापी उचलली, ती टाकी पुरी केली आणि थापी काही परत दिली नाही. सासरे आता घरी स्वयंपाक करतात, त्यामुळे सगळ्यांचंच भलं झालं. आमच्या पिकअपच्या दारावर रंगवलेलं होतं: "हौदवाल्या बाई. तीस वर्षं. एक थेंबही गळणार नाही."

मी सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आले. गिऱ्हाईकाने खर्च विचारला की त्या दोन आकडे सांगतात, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. एका दातांच्या डॉक्टरांच्या बंगल्यावर पूलचं काम ठरवायला गेलो तेव्हाही तसंच झालं.

"खोदाई, लोखंड, काँक्रीट, फरशी, पंप, हा झाला बांधायचा खर्च," त्या म्हणाल्या. "आता पोसायचा सांगते. हत्ती एकदाच घ्यावा लागतो डॉक्टर, चारा रोज."

"पाणी एकदा भरलं की झालं ना?"

"तुमच्या हौदावर पहिला हक्क उन्हाचा. तुम्ही रविवारी उतराल, ते रोज पितं. म्हणून पश्चिमेला छप्पर घ्या आणि वर ओढायला कापड घ्या. आणि ही काळी फरशी नको, दुपारी अंडी उकडतील त्यात."

डॉक्टरांनी काळ्या फरशीचा हट्ट सोडला, पण छपराचा आणि कापडाचा आकडा बघून ते खुर्चीत मागे रेलले. "अहो बाई, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला हा!" त्यांनी लाल पेनाने दोन्ही ओळी खोडल्या.

"खोडून टाका," सासूबाई म्हणाल्या. "पैसा तुमचा आहे. ऊन मात्र कुणाच्या बापाचं नाही."

तलाव झाला, भरला, डॉक्टरांच्या नातेवाइकांनी त्यात उड्या मारून घेतल्या. महिन्याभराने, ऐन उन्हाळ्यात, डॉक्टरांचा फोन आला. पूल गळतोय. दोन दिवसांत तीन सेंटिमीटर पाणी जातं.

सासूबाईंनी हवेत बोटं आडवी धरून हिशोब केला. "म्हणजे दीड बोट. ऊन पितंय ते."

"सगळे ठेकेदार हेच म्हणतात," डॉक्टर म्हणाले. फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळे मला त्यांचा सूरही ऐकू आला. "मला तुमचं नाव ज्यांनी सुचवलं, त्यांना हे कळायला हवं."

माझं डोकं फिरलं. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? बादली घेऊन येते. गळत असेल तर दारावरची ओळ पुसून टाकीन."

बादलीची रीत साधी आहे. तलावाचं पाणी बादलीत घ्यायचं आणि ती तलावाच्याच पहिल्या पायरीवर अर्धी बुडवून ठेवायची. बादलीतल्या पाण्याच्या रेषेवर एक चिकटपट्टी, तलावाच्या भिंतीवर दुसरी. पंप बंद, उड्या बंद. ऊन दोघांनाही सारखंच पितं. दोन दिवसांनी दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं असेल तर चोर ऊन. तलावाचं जास्त उतरलं असेल तर चोर आम्ही.

दोन दिवस सासूबाई व्यवस्थित जेवल्या, व्यवस्थित झोपल्या. मीच तेवढी तळमळत होते. कारण बादली ठेवून परत येताना मला दिव्याचं भोक आठवलं होतं. पाण्याखालच्या दिव्याची वायर भिंतीत जिथून शिरते ते भोक. ते संध्याकाळी भरायचं, दुपारी नाही, असं त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं, कारण तापलेल्या भिंतीत मसाला झटकन वाळतो आणि कडेने सुटतो. त्या दिवशी त्या बँकेत गेल्या होत्या, डॉक्टर घाई करत होते, आणि मी भर दुपारी ते भरून मोकळी झाले. कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर आत फोनवर होते. मी आधी बादलीत बोट धरलं. एक बोट खाली. मग भिंतीवरच्या पट्टीपाशी धरलं. एक बोट, आणि वर अर्धं. पुन्हा धरलं, तरी अर्धं उरलंच.

"आई," मी हळूच म्हटलं, "पट्टी अर्धं बोट खाली चिकटवते. ते यायच्या आत होईल. भोक मग आपण काहीतरी निमित्ताने बघू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे. "मूठ झाकता येते गं. पाणी झाकायचं कापड तर डॉक्टरांनी खोडलं." आणि मोठ्याने हाक मारली, "डॉक्टर! या बाहेर, मोजून घ्या!"

डॉक्टर आले, वाकले, त्यांनी स्वतःच्या मोजपट्टीने मोजलं. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, पैज जिंकल्यासारख्या.

"एक बोट उन्हाचं," त्या म्हणाल्या. "ते मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. अर्धं बोट माझं. ते मी भरून देते."

डॉक्टर भांडायच्या तयारीने आले होते. शेवटी त्यांनीच दवाखान्यातली सिरिंज आणि गुळण्यांचं लाल औषध आणून दिलं, कारण गळती शोधायला रंग लागतो. मी कपड्यांनिशी पाण्यात उतरले आणि दिव्यापाशी थेंब थेंब रंग सोडला. लाल रेघ जराही न डगमगता माझ्या त्या भोकात शिरली. मला रडू आलं, पण अंग भिजलेलंच होतं, कुणाला कळलं नाही.

दिव्याच्या खालपर्यंत पाणी उपसलं आणि सूर्य कलल्यावर भोक पुन्हा भरलं, या वेळी सासूबाईंच्या समोर. उपसलेल्या पाण्याच्या बदल्यात एक टँकर आमच्याकडून. निघताना डॉक्टर म्हणाले, "बाई, ते कापड आता किती रुपयांना पडेल?"

"तेव्हा सांगितलं तेवढ्यालाच," सासूबाई म्हणाल्या.

पिकअपमध्ये बसल्यावर मी सांगून टाकलं. "आई, ते भोक मी भरलं होतं. दुपारी."

"माहीत आहे. मी बँकेत होते. मग काय भुताने भरलं?"

"मग 'माझं' का म्हणालात?"

"दारावर नाव कुणाचं आहे?"

त्यांनी गाडी घराकडे न वळवता थेट पेंटरच्या दुकानासमोर उभी केली. पेंटरने आधीची ओळ पाहिली, "एक थेंबही गळणार नाही", आणि विचारलं, "ही पुसू? बाई, गिऱ्हाईक यालाच भुलतं."

"पूस. शब्द दिलाय."

त्याने पुसली. दारावर एक रिकामा, पांढरट पट्टा राहिला. पेंटर ब्रश घेऊन थांबला. "इथे आता काय लिहू?"

"'आणि सून' लिही," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "पुढचं अर्धं बोट तुझं."