गायीला बसता येईल एवढी दोरी

कोणाच्याही घरी गेले की मिस्त्री आधी भिंतीला हात लावायचे. चपला काढायच्या, आत यायचं, उजव्या हाताचा तळवा भिंतीवर सपाट टेकवायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि म्हणायचं, "बंद आहे." मग खुर्ची. चहा येईपर्यंत दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन येणार.

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, हे भिंतीची ओल बघतायत. तिने लगेच सांगून टाकलं की रंग गेल्या वर्षीच दिलाय. मिस्त्री म्हणाले, "रंग चांगला आहे वहिनी. पण घर बंद आहे."

हे वाचून तुम्हाला माणूस जरा सटकलेला वाटेल. आम्हा मिलवाल्यांना तसं कधी वाटलं नाही. आमची कागदाची मिल. मी तिथे वजनकाट्यावर आहे, त्यामुळे मापाशिवाय बोलायची मला सवय नाही, आणि मिस्त्री मशीनवर फिटर. कागदाचं मशीन चालू असलं की त्या हॉलची जमीन सतत थरथरत असते. नव्या माणसाच्या पायांना मुंग्या येतात. मिस्त्रींनी नोकरीची सगळी वर्षं त्या जमिनीवर काढली. क्वार्टरही इतकं जवळ, की कॉटच्या लोखंडात ती थरथर उतरायची. मशीन थांबलं की आम्ही कूस बदलून झोपायचो आणि मिस्त्री दचकून उठून बसायचे.

निवृत्त झाल्यावर ते आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, बुऱ्हाणपूरला स्वतःच्या दोन खोल्यांत राहायला आले; मी तिथे आधीच घर केलं होतं. घर पक्कं, शेजार चांगला, नळाला पाणी. आठवड्यातच मिस्त्रींचे डोळे आत गेले. झोपच येईना. दिवसभर गावात फिरायचे, घरी येऊन पुन्हा फिरायला निघायचे. बसायला सांगितलं की म्हणायचे, "बसलं की गंज चढतो, भाऊ."

एकदा वहिनींचा मला फोन आला, मिस्त्री सकाळपासून दिसत नाहीत. आम्ही दोघं शोधत निघालो. सापडले कुठे, तर गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या चक्कीत. गव्हाच्या पोत्यावर बसून, पाठ भिंतीला लावून गाढ झोपलेले. चक्की धडधडतेय, भुवयांवर पीठ बसलंय. चक्कीवाला म्हणाला, रोज येतात, मी काही बोलत नाही. वहिनींनी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "लग्न माझ्याशी लागलं होतं, भाऊजी. मशीनशी लागलं होतं हे आत्ता कळतंय."

नावेचं खूळ त्यानंतरचं.

तापीच्या राजघाटावर एका नावाड्याची जुनी लाकडी नाव पडून होती. मिस्त्रींनी ती घेतली, तळ डांबरून घेतला, वर पत्र्याचं छप्पर टाकलं आणि मागच्या बाजूला केळीच्या बागेला पाणी देतात तसलं जुनं डिझेल इंजिन बसवलं. मी टेप घेऊन मोजली होती: लांबी बावीस फूट, आत झोपायची जागा सहा बाय चार. वहिनींना त्यांनी आठ दिवस चल म्हणून सांगितलं. वहिनी बहादरपूरच्या शेतकऱ्याची मुलगी; पाण्याची ओळख विहिरीपुरती, पोहणं अजिबात नाही. तरी एक ट्रंक, स्टोव्ह, पोळपाट आणि तुळशीचा डबा घेऊन त्या आल्या. आठ दिवसांचे दोन पावसाळे झाले.

त्यांचा संसार साऱ्या घाटाने पाहिला. सकाळी पत्र्यावर गोधड्या पडायच्या. भाजीवाली पायरीवर उभी राहून टोपली पुढे करायची आणि वहिनी नावेतून वांगी निवडायच्या. पहिल्या महिन्यात दोन वाट्या, एक झारा आणि मिस्त्रींची दाढीची डबी तापीला गेली. मग मिस्त्रींनी फळ्यांना कडेने पट्ट्या ठोकल्या. वहिनी भाकरी थापायच्या त्या नावेच्या कडेला पाठ टेकवून, पाय समोरच्या फळीला रोवून. पडायच्या भीतीने त्यांनी कमरेला एक दोरी बांधून घेतली होती आणि तिचं दुसरं टोक छपराच्या खांबाला. घाटावरच्या बायका हसायच्या. वहिनी म्हणायच्या, "हसा. शेळी झाले तरी वाहून गेलेली नाही."

संध्याकाळी मिस्त्री इंजिन चालू करून ठेवायचे. नाव जागची हलवायची नाही. नुसतं इंजिन चालू. मग फळीवर तळवा टेकवायचा, डोळे मिटायचे. "चालू आहे," म्हणायचे, आणि बसल्या जागी झोपायचे. वहिनी इंजिन बंद करायच्या तोवर त्यांची झोप पक्की झालेली असायची.

आता त्यांची एक चूक सांगतो, जी फक्त फिटरच करू शकतो.

त्यांना थरथर हवी होती, डुलणं नको होतं. सैल काही दिसलं की त्यांचा हात पान्याकडे जायचा. मिलमध्ये सैल बोल्ट म्हणजे अपघात. त्यामुळे सगळ्या नावा सैल दोरीला आणि मिस्त्रींची नाव आखूड साखळीने घाटाच्या लोखंडी कड्याला. साखळीच्या नावेकडच्या टोकाला ताणायचा स्क्रू, मोठ्या पान्याने आवळलेला. साखळी तारेसारखी ताठ. शेजारचा म्हातारा नावाडी येता-जाता सांगायचा, "मिस्त्रीजी, नाव है, मशीन नहीं. थोडी ढील दो." मिस्त्री म्हणायचे, ढील दिली की झीज होते. वहिनींनाही ते पटायचं नाही. हलायला म्हणून इथे आलात, त्या म्हणायच्या, आणि हलतेय तिलाच जखडलंत.

पावसाळा सरत आलेला, एक रविवार. इथे कडक ऊन होतं, पण वर डोंगरात कुठेतरी जोराचा पाऊस झाला असावा. मिस्त्री इंजिनाचा एक भाग बघायला धूलकोटला गेले होते. मी दुपारी सहज घाटावर आलो, तर पाणी पायऱ्या चढत होतं. बाकीच्या नावा पाण्याबरोबर निवांत वर येत होत्या. मिस्त्रींची नाव एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने, साखळीकडे, खाली. कडं केव्हाच बुडालेलं. तिरप्या नावेतून स्टोव्ह घसरत आला आणि पाण्यात गेला. आत वहिनी, कमरेला दोरी.

मी पायरीवरून ओरडत होतो. म्हातारा नावाडी आपली नाव सोडायला धावला. वहिनींनी आधी कमरेची दोरी सोडली. मग गुडघ्यांवर रांगत त्या खालच्या कडेला गेल्या, पाणी आत येत होतं तिथे, आणि मोठा पाना घेऊन स्क्रूला भिडल्या. स्क्रू हलेना. मिस्त्रींनी आवळलेला तो. त्यांनी पान्यावर दोन्ही पाय ठेवले, छपराचा खांब धरला आणि सगळं वजन टाकलं. एकदा, पुन्हा एकदा. मग स्क्रू फिरला, साखळी सुटली, नाव हिसक्याने सरळ झाली आणि प्रवाहाला लागली. म्हाताऱ्या नावाड्याने पुढे जाऊन ती धरली आणि खालच्या पायऱ्यांशी आणून लावली.

नंतर वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही उजवीकडे, उजवीकडे ओरडत होता. कोणाच्या उजवीकडे, भाऊजी?"

मिस्त्री आले तेव्हा त्या पायरीवर गोधडी पिळत होत्या. कोणीतरी वाटेतच त्यांना सगळं सांगितलं होतं. ते वहिनींपासून हातभर अंतरावर पायरीवर बसले. बराच वेळ बसले. मी त्यांना जागेपणी इतका वेळ बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग विचारलं, "कोणता पाना घेतला?"

"मोठा."

"बरोबर," ते म्हणाले आणि गोधडीचं दुसरं टोक पिळायला धरलं.

दुसऱ्या दिवशी जळगावहून मुलगी आली. आईला मी घेऊन जाते, बाबांना नदीशीच संसार करायचा तर करू देत, असं ती रागाने बोलली. ती चुकीचं बोलत होती असं मला वाटलं नाही. मी तिच्याच बाजूने मान हलवत होतो. मिस्त्री खाली मान घालून म्हणाले, मी नाव विकतो. सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी घरात गेल्या तर मिस्त्री पुन्हा चक्कीच्या पोत्यावर जाणार आणि नावेत राहिल्या तर पुढच्या पुरात काय, हे सगळ्यांनाच कळत होतं.

वहिनी म्हणाल्या, "विकायची नाही. मी राहते. पण बांधायची मी."

त्या दिवसापासून साखळी गेली आणि सुताची जाड दोरी आली. बांधायच्या वहिनी, सोडायच्या वहिनी. पाणी चढलं, उतरलं की दोरी कमी-जास्त करायची. मिस्त्रींनी पाना दुरून बघायचा. मी एकदा वहिनींना विचारलं की दोरी नेमकी किती सैल ठेवता. त्या म्हणाल्या, खुंट्याला गाय बांधतो तेव्हा तिला बसता आलं पाहिजे, उठता आलं पाहिजे, मान वळवून पाठ चाटता आली पाहिजे; आणि शेजारच्या गव्हाणीत तोंड जाता कामा नये. तेवढी. मी म्हटलं, वहिनी, फुटात सांगा. त्या म्हणाल्या, "फूट गायीला विचारा."

नाव डुलायला लागली. पहिले काही दिवस मिस्त्री चिडचिडे झाले. दर थोड्या वेळाने उठायचे, दोरीपर्यंत जायचे आणि परत यायचे. हात लावायचे नाहीत. मग एका संध्याकाळी मी गेलो तर इंजिन बंद होतं आणि ते झोपले होते. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. नाव हळूहळू पुढे जात होती, दोरी ताणली की मागे येत होती.

पुढच्या थंडीत वहिनींना दम लागायला लागला. आधी घाटाच्या पायऱ्या चढताना, मग पाण्याची कळशी उचलताना, मग नुसतं बोलतानाही. डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं. पायऱ्या बंद, दवाखाना जवळ हवा. राजघाटावर पायऱ्यांशिवाय येता-जाता येत नाही. मुलीचं जळगावचं घर तळमजल्यावर, दवाखाना तिच्या गल्लीतच. वहिनींना जावंच लागलं.

मिस्त्री त्यांना पोचवायला गेले. जाताना मला म्हणाले, परवा येतो. घाटावर कोणालाच त्यात शंका नव्हती. चहावाला म्हणाला, मिस्त्रीजी वहां दो दिन नहीं टिकेंगे. मलाही वाटलं, हा माणूस तळमजल्यावरच्या बंद घरात भिंती चाचपत वेडा होईल. परवा गेला. आठवडा गेला. थंडी सरली.

मी जळगावला गेलो. मनात धास्ती होती. काय अवस्थेत दिसतील कोण जाणे. मुलीने दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. वहिनी कुशीवर झोपल्या होत्या, बारीक झालेल्या. पलंगाजवळ खुर्ची, खुर्चीत मिस्त्री. त्यांचा उजवा तळवा वहिनींच्या पाठीवर सपाट टेकवलेला. डोळे अर्धवट मिटलेले.

मुलगी हळूच म्हणाली, दिवसभर असेच असतात. जेवायलाही इथेच.

मला पाहून ते उठले नाहीत. त्यांनी हात काढला नाही. थोडा वेळ ऐकल्यासारखं करून म्हणाले, "चालू आहे."

मग नावेचं विचारलं. मी सांगितलं, आहे, नावाडी बघतो. ते म्हणाले, पाणी उतरायला लागलं असेल. नाव पायरीवर टेकली की तळ फुटेल. "तुम्ही जाऊन दोरी बघत जा. सैल ठेवा. आवळायची नाही." एवढं बोलून पुन्हा डोळे मिटले. वहिनी झोपेतच किंचित हलल्या. मिस्त्रींनी तळवा तेवढाच वर उचलला, त्या स्थिर होईपर्यंत थांबले आणि परत टेकवला.

तेव्हापासून दर रविवारी मी राजघाटावर जातो. दोघांपैकी कोणीही अजून आलेलं नाही, आणि कधी येणार हे मी मुलीला विचारत नाही. तुळशीचा डबा नावाड्याने आपल्या घरी नेलाय. इंजिनावर गोणपाट आहे. घरी स्वस्थ बसवत नाही म्हणून हल्ली मी मधल्या वारीही जाऊन येतो; बायको विचारते, रविवार कालच झाला ना?

काल पाणी आणखी एक पायरी उतरलं होतं. नावेचं एक टोक दगडाला टेकायच्या बेतात होतं. मी गाठ सोडली. खिशात टेप होता, तो काढला नाही. गायीला बसता येईल एवढी दोरी सोडली, मग उठता येईल एवढी. नाव दगडापासून सुटून पाण्यात सरकली, मान वळवता येईल तिथपर्यंत गेली आणि थांबली.