सापडली म्हणेपर्यंत

"म्या म्हनल्याशिवाय हालजो नको." बोट वर करून, भुवया चढवून तो हे म्हणायचा आणि लगेच स्वतःच हसायचा. समोर त्याची तीन वर्षांची गुड्डी असायची. ती हसायची नाही आणि हलायचीही नाही. मला तेव्हाही ते बघून कसंसंच व्हायचं.

रोहणा गावात त्याचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. तो शेती करायचा, मला काकू म्हणायचा आणि माझी बोलणी मुकाट ऐकून घ्यायचा. लेकीच्या कौतुकात बुडालेले बाप तुम्हीही पाहिले असतील. हा त्यातलाच, फक्त तोंडाला येईल ते बोलून मोकळा होणारा. आणि पोरगी अशी, की बापाचा शब्द जसाच्या तसा उचलणारी.

एकदा त्यानं शिकवलं, खाली काही पडलेलं दिसलं की कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. दुपारी जेवताना त्यानं मोबाइल फरशीवर ठेवला. मग सगळं घर पालथं घातलं. शेवटी माझ्या फोनवरून रिंग दिली, तेव्हा डबा वाजायला लागला. कांद्याच्या सालींत हात घालत तो म्हणाला, "पाहा काकू, किती आयकते माही पोरगी!"

पोरांच्या तान्ह्या पोळ्याचं तर सांगायलाच हवं. लाकडी नंदीपुढे पुरणपोळी ठेवून त्यानं बजावलं, "आधी नंदी खाईन, मंग आपन." पोरगी नंदीसमोर मांडी ठोकून बसली. आई विनवून थकली, नंदी ओढत निघालेली गल्लीतली पोरं दारावरून गेली. ही भुकेनं मलूल झाली, पण घास घेईना. "नंदीनं नाई खाल्लं अजून," एवढंच म्हणायची. अखेर मी तिला मांजर दाखवायला ओट्यावर नेलं आणि मागे बापानं नंदीची पोळी घाईघाईत गिळली. ठसका लागला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पण घरी आल्यावर माझ्या मनात आलं, तो तिथं नसता तर हे लेकरू किती वेळ बसलं असतं?

त्याला बोलून दाखवलं, तर म्हणाला, "काकू, तुमी लय इचार करता."

त्या हिवाळ्यात भाव चढेल म्हणून त्यानं कापूस विकला नाही. पुढची खोली खिडकीपर्यंत भरली. तिथंच बापलेकीची लपाछपी चालायची. गुड्डीला लपणं जमायचं नाही. "कुठं गेली गुड्डी?" म्हटलं की "मी इथं!" असं ओरडायची. म्हणून त्यानं नियम घालून दिला. "म्या 'सापडली' म्हनेपर्यंत निंगजो नको. कोनी बी हाक मारली तरी ओ देजो नको."

एका दुपारी ती लपली आणि त्याचा फोन वाजला. बोलत बोलत तो चौकात गेला, तिथं चहा झाला, गप्पा झाल्या आणि खेळ डोक्यातून पार निघून गेला.

परतला तेव्हा तिची आई दारोदार हाका मारत होती. गोठा पाहिला, न्हाणी पाहिली. मागच्या विहिरीत वाकून पाहिलं ते मी. पाणी काळं आणि स्थिर होतं. मी येऊन त्याचा दंडच धरला. "तुह्याजवळ होती ना ते? काय करून राह्यली होती?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. तो कापसाच्या खोलीकडे धावला. ढीग एका अंगाला ढासळला होता. हाका मारून उपयोग नाही, हे त्या घडीला त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. दारात उभा राहून तो म्हणाला, "सापडली." कापूस हलला नाही. मग जिवाच्या आकांतानं ओरडला, "सापडली वो माय, सापडली!"

कोपऱ्यातला कापूस हलला. घामेजलेलं, लालबुंद तोंड वर आलं. "किती उशीर लावला तू," गुड्डी रागावून म्हणाली. तो तिथंच बसला आणि लहान पोरासारखा रडला.

त्यानंतर तो शब्द तोलून बोलू लागला. "मोटर लावतो, हरभऱ्याले पानी देतो, मंग घरी येतो," असं सगळं सांगूनच वावरात निघायचा. एका सकाळीही तसंच सांगून गेला. ओल्या हातानं स्टार्टरची पेटी उघडली आणि करंट लागला. दुपारी माणसं त्याला घेऊन आली. तोवर आम्ही गुड्डीला माझ्या घरात आणून दार लावलं होतं.

"बाबा काऊन नाई आला? येतो म्हनला होता," ती रडत रडत ज्याला त्याला विचारत राहिली. शेवटी तिच्या मामानं तिला कडेवर घेतलं आणि म्हणाला, "बाबा लपला हाय, बेटा." त्या भल्या माणसाला काय माहीत? गुड्डीचं रडणं मात्र तत्क्षणी थांबलं.

तेरवीनंतर कापूस न्यायला गाडी आली. माणसं गाठोडी बांधून बाहेर नेत होती आणि गुड्डी उंबऱ्यात उभी होती. एकेक गाठोडं उचललं की ती म्हणायची, "सापडला!" आणि थांबून बघायची. खोली रिकामी होत गेली, कोपरे दिसू लागले, खालची फरशी उघडी पडली. आता लपायला तिथं जागाच उरली नव्हती.

गुड्डी माझ्याकडे वळली. "आजी, जोऱ्यानं म्हनू का?"

मी तोंडाची फटकळ म्हणून साऱ्या गल्लीला माहीत आहे. पण त्या लेकरासमोर कुठला शब्द टाकावा, हे मला अजून सुचलेलं नाही.