सात विहिरींचा एकच आकडा

पुण्याहून पहाटे निघालो तेव्हा डिकीत वीस रिकाम्या बाटल्या होत्या. मी त्या दोनदा मोजल्या. माझी मुलगी मृणाल पाण्यातल्या रसायनांचा माणसांवर आणि प्राण्यांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करते. मी गाडी चालवतो आणि नोंदवही लिहितो.

बजाजनगरच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचलो तेव्हा कारखान्यांची पाळी सुटली होती. टपरीवर उभ्यानेच पोहे खाल्ले. बसून खाण्याइतका धीर मला नव्हता. पुढे कारखाने संपून कपाशी लागली आणि तासाभराने आम्हाला पाणी तपासायचे होते ते खेडे आले. नाल्यावर फेस होता. मृणाल काठाकाठाने बेडूक आणि पक्षी मोजत गेली. घरोघरच्या विहिरींच्या पाण्याने बाटल्या मी भरायच्या होत्या.

प्रत्येक घरी तेच झाले. "उन्हात कुठं येता भाऊ, बसा," म्हणत बाटली हातातून घेतली जायची आणि भरून यायची. मी यंत्राने क्षार मोजून आकडा लिहायचो. सातवे घर गयाबाईंचे. त्यांच्या बाटलीचा आकडा लिहिताना मी रकाना वरून खाली वाचला. सातही आकडे जवळजवळ सारखेच. विहिरी अशा वागत नाहीत.

"मावशी, हे विहिरीचंच ना?"

"नाय, विकतच्या पाण्याच्या जारचं हाय. पाहुण्याला विहिरीचं कसं द्यावं? वास मारतं."

"मला प्यायला नको, यंत्राला हवंय."

"यंत्र तुमच्यासंगंच आलं न्हवं? मग त्येबी पाहुणंच."

मी हसलो. ओट्यावर त्यांची सून अश्विनी शेंगा सोलत बसली होती. तिला आठवा महिना होता. ती हळूच म्हणाली, "मग मी विहिरीचंच पिते, ते चालतं व्हय?"



मृणाल नाल्यावरून परतली. बेडकांच्या रकान्यात शून्य होते. मी तिला माझी चूक सांगितली. सातही बाटल्या बाजूला ठेवून आम्ही नव्या बाटल्या घेऊन पुन्हा सात घरे केली आणि या वेळी विहिरीत पोहरा मी स्वतः सोडला. पहिल्या वेळी सगळ्यांनीच जारचे पाणी दिल्याचे निघाले. गयाबाईंच्या विहिरीवर यंत्राचा आकडा वाढतच गेला.

"म्हंजी वंगाळ हाय?" त्यांनी विचारले.

"यावरून फक्त क्षार कळतात," मृणाल म्हणाली. "रसायनांचा अहवाल यायला सहा आठवडे लागतील. त्याआधी काही सांगता येणार नाही, काकू."

गयाबाईंनी मनातल्या मनात दिवस मोजले असावेत. त्या उठल्या, जार उचलून सुनेच्या खाटेपाशी नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "पाहुणे, तुमची प्यायच्या पाण्याची बाटली गाडीत आसंल ना?"

परतताना शहरात मटणाचा खलिया खायचे ठरले होते, पण थांबलो नाही.

घरी येऊन वही काढली. पहिले सात आकडे खोडले नाहीत. शेजारी 'जारचे पाणी' असे लिहिले. त्या पानावर नजर गेली की मी अजून अस्वस्थ होतो. ते आकडे तसेच पुढे गेले असते, तर अश्विनी विहिरीचेच पाणी पीत राहिली असती आणि ते चांगले आहे, असे आम्ही लिहून दिले असते.