पालथा घातलेला बंब

या सदरातले अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा हसते. भूत, हडळ, चकवा… माझा कशावरच विश्वास नव्हता, अजूनही फारसा नाही. पण आमच्या बंबाचं काय समजायचं, ते कुणीतरी मला सांगा हो!

संस्थान विलीन झालं आणि थोड्याच वर्षांत ह्यांची जव्हारहून मोखाड्याच्या कचेरीत बदली झाली. भाड्याचं कौलारू घर, मागे परसात न्हाणी आणि न्हाणीशेजारी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. पाणी तापायला लागलं की हा बंब कण्हायचा. घूंऽऽ… घूंऽऽ… पार पुढच्या ओटीवर ऐकू यायचं. ह्यांचं एकच - "अगं, वाफ कोंडते आत." तांबटाकडून डाग लावून आणला, जाळी बदलली, नळी घासली. ढिम्म फरक नाही!

त्या थंडीत माझी नणंद सुमती बाळंतपणाला आली. मुलगा झाला. तिची खोली परसाच्या अंगाला, बंबाच्या थेट समोर. बंब कण्हला की पोर दचकून टाहो फोडायचं - एकदासुद्धा चुकायचं नाही. सुमती वैतागायची, "वहिनी, त्या बंबाचं तोंड बंद कर गं आधी!"

सासूबाईंनी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरून गोधडी ठोकली. "आवाजही नको नि बाळंतिणीला वाराही नको," म्हणाल्या. तरी पोर रडायचंच. शेवटी मी चिडून बंब रिकामा केला, राख काढली आणि त्याला परसात पालथा घातला. पाणी आता चुलीवरच्या हंड्यात. म्हटलं, कण्ह बघू आता! खिडकीवरची गोधडी मात्र तशीच राहिली. सासूबाईंना ती युक्ती फार आवडली होती.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट, भर दुपारची. सासूबाई देवळात गेलेल्या. सुमती शेक घेत पडली होती - बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, कान बांधलेले, कुशीत बाळ, दार लोटलेलं. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. आमच्याकडे सरपण घालणारी बायजा मोळी टेकवत होती, आणि परसातून आवाज आला… घूंऽऽ.

बायजानं मान वळवली. "बाय, कोन कन्हतंय गं मागं?"

म्हणजे मला एकटीलाच ऐकू आलं नव्हतं! मी तणतणत उठले. आता पोर दचकणार, सुमती माझ्या नावानं ओरडणार… पण खोलीतून हूं की चूं नाही. पुन्हा घूंऽऽ - आधीपेक्षा मोठ्यानं. तरी बाळ गप्प. बंबाकडे जायचं सोडून मी खोलीचं दार ढकललं.

आत धूर नव्हता, काही नव्हतं. निखारे लालबुंद. सुमती अर्धवट डोळे उघडे टाकून पडलेली, हलवलं तरी ओ देईना. बाळाची मान लुळी.

"बायजा, धाव गं!" तिनं सुमतीला फरफटत परसात आणलं, मी बाळाला. त्याची पाठ चोळत होते, रडत होते, देवाला वाट्टेल ते बोलत होते… आणि मग एकदाचं ते पोर रडलं! इतकं गोड रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. थोड्या वेळानं सुमतीनंही डोळे उघडले.

डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या खोलीत कोळशाचा गॅस साचला होता; आणखी जरा उशीर झाला असता तर दोघंही हाती लागली नसती. सासूबाई उठल्या आणि स्वतःच्या हातानं खिडकीवरची गोधडी उपटली.

हे सगळं कळलं. पण बंबाचं काय? तो पालथाच होता. थंडगार. वर कोंबडी बसली होती! "नळीत वारा शिरला असेल," म्हणत ह्यांनी तोंड लावून फुंकून पाहिलं - नुसतं फूऽ फूऽ, आणि मिशीला काजळी. त्या दुपारी तर झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

बंब परत न्हाणीपाशी लावला. तीच जाळी, तीच नळी… पण त्या दिवसानंतर तो कधीच कण्हला नाही. बदल्या झाल्या, घरं बदलली, बंब बरोबरच आहे. सुमतीचा मुलगा आता चांगला मिशीवाला झालाय. आला की बंबावर टिचकी मारतो, "काय म्हाताऱ्या, बोल की!" सगळे हसतात.

मला हसू येत नाही. पाणी तापत आलं की मी कान देऊन उभी राहते. बंब गप्पच असतो. मग मी घरातल्या एकेकाला हाक मारते, सगळ्यांची ओ आली की मगच पाणी काढते. असं का करते, विचारू नका… मलाच माहीत नाही.